फील्ड पोस्टिंगला जातोय, कार आणि बुलेट गावाला दोन-अडीच वर्ष कशी ठेवू?

पाटणचा_फौजी

राम राम मंडळी. मी आर्मीत हवालदार आहे. मागची काही वर्ष पीस स्टेशनला (सीमेपासून लांब, शांत ठिकाणी) होतो, फॅमिली क्वार्टर होतं, बायको आणि मुलगी सोबत, गाडी दारात आणि रोज वापरात. आता युनिट फील्डला, म्हणजे सीमेकडच्या भागात, मूव्ह होतीय, दोन ते अडीच वर्ष धरून चाललोय. फॅमिली तिकडं नेता येत नाही म्हणून सगळं बिऱ्हाड गावाला आणलंय, पाटण तालुक्यात.

गाड्या दोन आहेत. स्विफ्ट पेट्रोल २०२३ ची, एमएच-५० पासिंग, लोन अजून चालू आहे. दुसरी बुलेट ३५०, २०१७ ची, कार्बोरेटरवाली. बुलेट विकायची नाही हे आधीच सांगतो, तो सल्ला नको.

जागा म्हणजे घरामागं पत्र्याचं शेड आहे, तीन बाजू बंद, एका अंगाला गोठा, दोन म्हशी आहेत, आणि वर माळ्यावर कडबा भरलेला असतो. पाऊस आमच्याकडं कसा पडतो ते कोयना खोऱ्यातल्या माणसाला सांगायला नको, जूनपासून गणपतीपर्यंत अंगावरचे कपडे वाळत नाहीत.

बॅटरी काढून ठेवू का तशीच राहू दे? पेट्रोल फुल करू का रिकामं करू? वडील म्हणतात मी रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून बंद करत जाईन, ते बरोबर आहे का? इन्शुरन्स दोन वर्ष नाही भरला तर चालेल का, गाडी रस्त्यावर येणारच नाही म्हटल्यावर? आणि शेवटचं, चुलत भावाचा मुलगा अकरावीला आहे, गाडी खरंच चांगली चालवतो, तो म्हणतोय काका मी आठवड्याला फिरवत जाईन म्हणजे गाडी बसणार नाही. आई पण म्हणतीय दे की, घरचंच पोरगं आहे. बायकोला लायसन्स नाही. जाणकारांनी सांगा, हातात दिवस थोडे आहेत.

कराड_गॅरेज

दादा पहिली गोष्ट, गोठ्याशेजारी गाडी लावू नका. जनावराच्या मुताचा जो उग्र वास डोळ्याला झोंबतो ना, तो अमोनिया. वायरिंगच्या तांब्या-पितळेच्या टोकांना तो खातो, हिरवट पावडर जमते, आणि मग एक दिवस लाइट लागत नाही, सेन्सर दिवा दाखवतो, कुणाला कारण सापडत नाही. वर कडबा म्हणजे उंदीर आलेच, आणि उंदीर आले की वायरी गेल्या. कडब्याला आग लागायची भीती वेगळीच. गावातल्या उभ्या राहिलेल्या गाड्या माझ्याकडं येतात त्यात निम्मं काम उंदरांचं असतं, इंजिनचं नसतं. दुसरी जागा बघा, पडवी असली तरी चालेल, वरून पाणी नको आणि वारा खेळता पाहिजे.

वडिलांना हात जोडून सांगा रोज पाच मिनिटं चालू करू नका. इंजिन पुरतं तापत नाही, आत वाफेचं पाणी धरतं, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं आणि गंज चढतो. शिवाय स्टार्टरनं जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी पाच मिनिटात भरत नाही, म्हणजे महिनाभरात बॅटरी पण झोपली. एकतर पंधरा दिवसातून एकदा नीट रस्त्यावर काढून पंधरा-वीस किलोमीटर फिरवा, म्हणजे इंजिन तापेल, ब्रेकवरचा गंज घासून जाईल, टायर गोल राहतील, नाहीतर मग अजिबात चालू करू नका आणि झोपवायची तर नीट झोपवा. मधलं काही करण्यात अर्थ नाही.

झोपवायची झाली तर ऑइल आणि फिल्टर जायच्या आधी बदला, येऊन बदलू म्हणू नका, जुन्या ऑइलमध्ये आम्ल धरलेलं असतं, ते आत महिनोन्महिने बसून राहतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसची वायर आधी काढा. मीटर लावला तर चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली गेली की चार्जिंगला लावायला पाहिजे, दर दोन महिन्यांनी कुणीतरी बघावं. आणि बॅटरी काढल्यावर रिमोटनं दार उघडत नाही, चावीच्या आतली लोखंडी चावी ड्रायव्हरच्या दाराला लागते, हे घरच्यांना दाखवून ठेवा, नाहीतर फोन तुम्हाला येणार आणि तुम्हाला रेंज नसणार.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, दमट हवेत मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरला टाका आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. टायरला हवा नेहमीपेक्षा पाच-सात पॉइंट जास्त. प्लॅस्टिकचं कव्हर अजिबात नको, आत घाम धरतो आणि रंगाला फोड येतात, सीटला बुरशी. सुती कापडाचं कव्हर घ्या नाहीतर जुनी चादर बरी. धुऊन, चांगली सुकवून मगच झाका, आणि आत बिस्किटाचा चुरा, मुलीच्या चॉकलेटचे कागद राहू देऊ नका, उंदीर वासावर येतात.

पेट्रोलचं म्हणाल तर आता सगळीकडं ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कारची टाकी फुल ठेवा म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. बुलेटचं उलट करा. टाकी लोखंडी आहे आणि एवढा काळ उभी राहणार, तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवा, कॉक बंद, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर सुकून डिंकासारखं बसतं आणि जेट बुजतात. स्पार्क प्लग काढून भोकातून दोन चमचे ऑइल सोडा, किक चार-पाच वेळा सावकाश मारा, प्लग परत लावा. मेन स्टँडवर, खाली फळी. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, आणि त्याला लाल दोरा बांधून हँडलला आणा म्हणजे चालू करताना विसर पडणार नाही.

निवृत्त_सुभेदार

हवालदार साहेब जय हिंद. युनिट, जागा, तारीख यातलं काही लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत. खाली कुणी विचारलं तरी सांगू नका, आणि बाकीच्यांनी पण विचारू नका.

गॅरेजवाल्या भावानं यंत्राचं सगळं सांगितलं, ते सोन्यासारखं आहे. मला त्या पोराबद्दल बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नात खरी काळजीची गोष्ट तीच आहे. बॅटरी गेली तर नवी येते.

अकरावीचा म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९९-अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. माझ्या नकळत नेली असं मालकानं सिद्ध केलं तर सुटका आहे, पण तुम्ही तर चावी देऊन जाणार, मग नकळत कसं म्हणणार? तुम्ही बर्फात, नोटीस गावाला, आणि फौजेत असताना नावावर गुन्हा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. इन्शुरन्स कंपनी समोरच्याला पैसे देईल आणि मग तेच तुमच्याकडून वसूल करेल, कारण चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं. सगळ्यात मोठं म्हणजे ते पोरगं. पाटणच्या घाटात पावसाळ्यात धुकं कसं असतं, त्याला काही झालं तर चुलत भावाच्या डोळ्याला डोळा कसा देणार?

आता नाही कसं म्हणायचं. आईला मध्ये घालू नका, त्या नातवाच्या बाजूनं बोलणारच. चुलत भावाला स्वतः भेटा, जायच्या आधी, फोनवर नको. त्याला सांगा, पोराला अठरा पूर्ण झाले की लायसन्स काढायला मीच पैसे देतो, रजेवर आलो की शेजारी बसून घाट पण मीच शिकवतो, पण तोवर चावी नाही. घरातल्या पोराला प्रेमानं नाही म्हटलेलं कळतं. आणि मग चावी खरंच घरात लटकवू नका, बायकोच्या कपाटात कुलपात.

अजून एक विचारून घ्या, सेपरेटेड फॅमिली क्वार्टर. जवान फील्डला असताना काही स्टेशनला कुटुंबाला असं क्वार्टर मिळतं, वेटिंग असतं पण अर्ज तर करा. मिळालं तर मुलीची शाळा, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन सगळं जवळ आणि गाडी पण कॅन्टोन्मेंटच्या आत सुरक्षित. आणि कागदपत्रांचं काही अडलं तर वहिनींनी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं, सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाला पण तिथं मदत करतात, फक्त माजी सैनिकांचंच ऑफिस आहे असं समजून लोक जात नाहीत.

निळी_टोपी

मी यूएन मिशनला दक्षिण सुदानला होतो, साधारण वर्षाचा टूर. जाताना माझी जुनी डिझेल गाडी सरळ विकली आणि अजून वाटतं बरोबर केलं, तिची उरलेली वर्ष कमी होती आणि सांभाळायला कुणी नव्हतं. पण तुमची २०२३ ची आहे, विकू नका, नवी घ्यायला गेलात तर फरक अंगावर येईल. सोबतच्या एकानं पुण्यात सोसायटीच्या बाहेर रस्त्यावर लावून ठेवली होती, महापालिका बेवारस वाहनं उचलते तेव्हा धूळ बसलेली, टायर बसलेली गाडीच आधी नजरेत येते, त्याच्या भावाची धावपळ झाली. तुमचं स्वतःचं अंगण आहे हे मोठं सुख आहे.

विकायचा विचार कुणी करत असेल तर एक सांगतो, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून कुणाच्या हातात देऊन जाऊ नका, मग तो सख्खा मित्र असो. गाडी आरटीओच्या रेकॉर्डला ज्याच्या नावावर तोच मालक धरतात, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय, गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाकडं येते. ट्रान्सफर पूर्ण करूनच निघायचं.

पाटणचा_फौजी

सुभेदार साहेब, तुम्ही जे लिहिलंय ते बायकोला पण वाचून दाखवलं. चुलत भावाकडं उद्याच जातो. कॅन्टोन्मेंटचं पण विचारतो. गॅरेजवाले दादा, पडवी आहे पुढं, स्विफ्ट मावते, बुलेट घरातच न्हाणीघराच्या भिंतीच्या अलीकडं कोरड्या खोलीत लावतो. इन्शुरन्सचं कुणी सांगा ना.

पॉलिसी_सातारा

दादा इन्शुरन्स बंद ठेवू नका, कळकळीनं सांगतो. लोक म्हणतात गाडी उभीच आहे तर अपघात कसला, पण उभ्या गाडीवर पत्रा उडून पडतो, झाड पडतं, ओढ्याचं पाणी शिरतं, चोरी होते, आग लागते. हे सगळं ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) येतं, थर्ड पार्टीत (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) येत नाही. तुमची कार २०२३ ची म्हणजे घेतानाच थर्ड पार्टी तीन वर्षांची आलीय, २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारला तसाच नियम आहे, त्यामुळं काहींना वाटतं इन्शुरन्स आहे की, पण ओन डॅमेजची मुदत वेगळी असते आणि ती वर्षाला संपते. पॉलिसीवर दोन तारखा असतील, दोन्ही बघा. तुमचे ते तीन वर्ष पण या काळातच संपतात. लोन आहे म्हणजे बँकेला पण पॉलिसी चालू लागते.

मुदत संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, तो २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो, एवढी वर्ष जमवलेला हातचा जातो. आणि खंड पडल्यावर परत घ्यायची तर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, तुम्ही तिकडं असताना ते कोण करणार.

खरी अडचण वेगळीच येते, ओटीपीची. रिन्यूअलचा मेसेज तुमच्या नंबरवर, आरटीओचा तुमच्या नंबरवर, ई-चलन तुमच्या नंबरवर, आणि तो फोन एकतर बंद नाहीतर रेंजबाहेर. जायच्या आधी पॉलिसीवर वहिनींचा नंबर आणि ईमेल टाका, आरसीला जोडलेला मोबाइल नंबर परिवहनच्या साइटवर बदलता येतो तो पण बघा. आरसी, पॉलिसी, लोनचे कागद यांचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

चाव्या दोन असतील तर दोन्ही कुठं आहेत ते माहीत पाहिजे, चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक वहिनींकडं ठेवा, एक ट्रंकेत न नेता घरीच दुसऱ्या सुरक्षित जागी. बुलेट २०१७ ची म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर आत्ताच बसवून घ्या. आणि तुमचं स्वतःचं लायसन्स कधी संपतंय ते बघा, संपून वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते.

कुणाची बीएच (भारत सिरीज) नंबरची गाडी असेल त्यांच्यासाठी, तुमचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा असतो, तो पोस्टिंगमध्येच येऊ शकतो, मुदतीनंतर सात दिवसात नाही भरला तर रोज १०० रुपये दंड चढतो. एमएचला टॅक्स एकदाच भरलेला असतो म्हणून दादांना ती चिंता नाही.

मालवणी_नेव्ही

आमच्याकडे समुद्राची हवा, जहाजावर गेलो की महिनोन्महिने घरी नाही. खारट वाऱ्याला गाडीचा खालचा पत्रा जातो. निघायच्या आधी खालून पाण्याच्या प्रेशरनं धुऊन अँटीरस्ट कोटिंग मारून घ्यायचं, तुम्हाला खार नाही पण चिखल आणि ओल आहे, तुम्ही पण मारा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन. उंदरासाठी आम्ही तंबाखूची पानं पुरचुंडी करून बॉनेटखाली बांधतो, महिन्याला बदलायची.

फौजीचं_घर

दादा, मी वहिनींच्या जागेवर आहे म्हणून लिहितेय. आमचे हे पण फील्डला असतात, मी सासरी, सासूबाईंना डायलिसिसला घेऊन जावं लागतं. सगळे जण गाडी कशी झोपवायची ते सांगतायत, मला वाटतं झोपवूच नका. वहिनींना शिकवा.

लर्निंग लायसन्स घरबसल्या आधारवर ऑनलाइन टेस्ट देऊन निघतं, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, लर्निंग सहा महिने चालतं, म्हणजे तुम्ही जायच्या आधी लर्निंग काढून दिलंत तरी पुढचं त्या स्वतः करतील. पाटण-कराड रस्त्याला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या दिसतात की, महिनाभराचा क्लास लावा. नवऱ्याकडून शिकायला बायका घाबरतात, क्लासला बरं पडतं.

तुम्ही नसताना रात्री मुलीला ताप आला तर? शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि दारात स्वतःची गाडी कव्हर घालून उभी. मला ते फार लागायचं. लायसन्स निघालं आणि पहिल्यांदा एकटी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले, त्या दिवशी यांना फोन लागला नव्हता, दोन दिवसांनी सांगितलं तर काही बोलेनातच, मग म्हणाले आता मला झोप लागेल. गाडी पंधरा दिवसातून एकदा फिरवा असं गॅरेजवाले दादा म्हणतातच, मग ती बाजाराला, शाळेला, माहेरला फिरू दे की. इंजिनला पण तेच पाहिजे आणि घराला पण.

आणि एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं पण लिहिते, कारण आपल्यात हे कुणी बोलत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी टाकता येतो. टाकून घ्या. बँकेला, पॉलिसीला टाकतो तसंच आहे, त्यात अशुभ काही नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंना तो नव्हता, त्यांना वारसाचे दाखले, हमीपत्रं, सासरच्यांच्या सह्या करत आरटीओचे जिने चढावे लागले, ते पण तशा दिवसांत.

पाटणचा_फौजी

ताई, तुमचं वाचून बायको रडली आणि मग स्वतःच म्हणाली फॉर्म भरा. लर्निंगचा अर्ज आज रात्री भरतोय, आणि नॉमिनीचं पण करून जातो. चुलत भावाला भेटलो, सुभेदार साहेब. त्याला आधी वाईट वाटलं पण २५,००० आणि कैदेचं ऐकून तोच म्हणाला बरं झालं बोललास, पोरगं गुपचूप दुसऱ्याची बाईक पण फिरवतंय. आता त्यालाही थांबवतो म्हणाला.

म्हणजे स्विफ्ट चालू राहणार, फक्त बुलेट झोपवायची. गॅरेजवाले दादा, शेवटचं विचारतो, मी रजेवर आलो की बुलेट लगेच काढता येईल का? वर्षाला ६० दिवस अॅन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल असते, पण ती तुकड्यातुकड्यानं मिळते, दर वेळी हे सगळं काढायचं आणि परत करायचं का?

कराड_गॅरेज

दादा तसं असेल तर थोडं बदलतो. पाच-सहा महिन्यांनी काढणार असाल तर दर वेळी टाकीत ऑइल फिरवत बसू नका, टाकी रिकामी आणि कार्बोरेटर रिकामा एवढं केलं तरी पुरे, कॅज्युअलच्या छोट्या सुट्टीत तिला हात पण लावू नका, मोठ्या रजेतच काढा.

आल्याबरोबर किक मारू नका. आधी सायलेन्सरचा बोळा काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून बघा उंदरानं घर केलंय का, केबल हातानं ओढून बघा, क्लच लिव्हर दाबून धरून गाडी गिअरमध्ये पुढं-मागं ढकला म्हणजे प्लेटा चिकटल्या असतील तर सुटतील. टायरला बाजूनं चिरा दिसतायत का बघा, टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, तुमचे मूळचे २०१७ चे असतील तर ते आता नक्षी शिल्लक असली तरी बदलायलाच झालेत, घाटात त्याच्यावर जाऊ नका. मग नवं पेट्रोल दोन लिटर, कॉक चालू, पाच मिनिटं थांबा, कार्बोरेटरमधून गळत नाही ना बघा. चावी बंद ठेवून आठ-दहा किका मारा म्हणजे ऑइल वर चढेल, त्यानंतर चावी. पहिली दहा मिनिटं धूर येईल, सिलिंडरमधलं ऑइल जळतंय, घाबरू नका.

पहिलं फिरवणं गावातल्या गावात, ब्रेक दोन-तीनदा लावून बघा. पीयूसी संपलेली असणार, ती कराड नाहीतर पाटणला करून मगच हायवेला. आणि वहिनींना म्हणावं स्विफ्टचं काही वाटलं, आवाज आला, दिवा लागला, तर फोन करा, मी नाहीतर पोरगा येऊन बघून जाईल, त्याचे पैसे घेणार नाही.